गहू : देशाचं पीक विक्रमी, आपलं पीक पेरणीच्या तारखेवर

2022 च्या फेब्रुवारीत केंद्राचा गव्हाचा अंदाज 11 कोटी 13 लाख टनांचा होता. मे महिन्यात तोच 10 कोटी 64 लाखांवर आला. मधल्या काळात मार्च तापला. 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च तो. पंजाब-हरियाणात चिकातला (अजून दुधाळ, कोवळा) दाणा भरण्याआधीच वाळला. 13 मे रोजी निर्यातबंदी आली. पुढे उत्पादन सावरलं, 2023-24 मध्ये 11 कोटी 32 लाख टनांवर गेलं. विक्रमाच्या बातम्या आल्या, पण त्यावरून आपल्या एकरी उताऱ्याचा अंदाज बांधू नये.

आपल्याकडे थंडीच मोजकी. पंजाबात हेक्टरी सरासरी 45 क्विंटलच्या पुढे जाते, महाराष्ट्रात त्याच्या निम्मीही गाठत नाही. वाण, पाणी, जमीन ही कारणं आहेतच, पण फेब्रुवारीतच ऊन चढायला लागतं आणि उशिराचा गहू नेमका तेव्हा चिकात असतो. म्हणून बागायती वेळेवर पेरणी 1 ते 15 नोव्हेंबर. त्यानंतरच्या दर पंधरवड्याला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल, म्हणजे एकरी एक पोतं, घटतं.

यंदा सोयाबीन काढायला उशीर झाला असेल तर मशागतीच्या हौसेत आणखी आठवडा घालवू नका. वाफसा (पेरणीजोगी ओल) आला की कुळवाच्या पाळ्या द्या आणि पेरा. वेळेवरच्या पेरणीला एकरी 40 किलो बियाणं, उशिराला 50, कारण फुटवे कमी येतात. बी पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा खोल नको. उशिरासाठी निफाड 34 किंवा फुले समाधान हे वाण घ्या. समाधान दोन्ही वेळांना चालतो. शेजाऱ्याकडचं नाव नसलेलं बियाणं स्वस्त पडतं खरं, पण त्याचा कालावधी कुणालाच माहीत नसतो. 15 डिसेंबर उलटला तर गव्हाचा नाद सोडा; उन्हाळ्यात पाणी पुरणार असेल तर रान उन्हाळी भुईमुगाला ठेवा.

आवर्तनाचा (कालव्याला पाळीने सुटणाऱ्या पाण्याचा) भरवसा नसेल तर पाणी असं बसवा: एकच मिळणार असेल तर पेरणीपासून 40-42 व्या दिवशी, कांडी धरताना (खोड उंच वाढू लागतं तेव्हा). दोन असतील तर पहिलं 20-22 व्या दिवशी, मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी मुळं) फुटताना, आणि दुसरं 60-65 व्या दिवशी, फुलोऱ्यात. तिसरं मिळालं तर ते या दोन्हींच्या मध्ये, कांडीलाच. विहिरीला पाणी असलं तरी मुकुटमुळांचं पाणी चुकवू नका. तिथली कसर पुढे युरिया टाकून भरून निघत नाही.

फुलोऱ्यात पारा चढू लागला तर पोटॅशियम नायट्रेटची (13:0:45) दोन टक्क्यांची फवारणी करा: एकरी 200 लिटर पाण्यात चार किलो. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. दुपारी फवारू नका. ओंब्या भरत असताना हलकं पाणी चालतं, पण वारा सुटला असेल तर थांबा. ओल्या रानात वाऱ्याने गहू लोळतो. संध्याकाळी वारा पडल्यावर दारं धरा.