घरचं सोयाबीन बियाण्याला ठेवताय? झिंक-बोरॉनचं आधी बघा

मी राहतो भांडुपला, शेत औशाकडं, भाऊ बघतो. दर मे महिन्यात लातूर एक्स्प्रेसनं कुणीतरी किलोभर बियाणं घेऊन येतं कारण उगवण चेक करायचं काम माझं. शंभर दाणे मोजायचे, ओल्या पेपरात ओळीनं मांडून गुंडाळायचं, ओट्याखाली ठेवून रोज पाणी शिंपडायचं, आठव्या दिवशी मोजायचं. सत्तर तरी पाहिजेत. एका वर्षी अठ्ठावन्नच निघाले, बायको म्हणते मटकीला बरे मोड येतात!

मग माती तपासली तर झिंक (जस्त) 0.6 पीपीएमच्या (दहा लाखात 0.6 भाग) खाली, म्हणजे कमीच. काळ्या चुनखडीच्या रानात हे नेहमीचंच, झिंक असलं तरी पिकाला मिळत नाही. दाणा नीट भरत नाही, बारीक राहतो, मग रोपात दमच नसतो.

आता आम्ही पेरणीआधी एकरी 10 किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून टाकतो. डीएपी या स्फुरदाच्या खतात कालवू नका, दोघांची गाठ पडली की झिंक अडकून बसतं. राहून गेलं तर उभ्या पिकावर फवारायचं, 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम झिंक सल्फेट, त्यात अंदाजे 38 ग्रॅम चुन्याची निवळी, नाहीतर पानं करपतात.

बोरॉनचं जरा नाजूक आहे बरं का. फुलात फळधारणा आणि आतला कोंब धड होणं यालाच ते लागतं, कमी पडलं तर दाणा दिसायला बरा पण रोप वाकडंतिकडं उगवतं. फुलोऱ्यात पंपाला 15 ग्रॅम बोरिक ॲसिड, एकदाच, आणि मातीत कमी असेल तरच. शेजाऱ्याचं बघून दुप्पट मारलं की पानांच्या कडा जळाल्याच समजा. नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी आहे. मॉलिब्डेनमच्या पुड्या दुकानदार गळ्यात मारतो पण अशा चुनखडीच्या रानात ते बहुतेक मिळतंच, पैसे वाचवा.

आणि एवढं सगळं करून थ्रेशर फुल स्पीडला लावला तर गेलंच, सोयाबीनचं टरफल पातळ, ड्रम मिनिटाला 400 फेऱ्यांच्या आत ठेवा, आमच्या अठ्ठावन्नमागं हेही होतंच. गोणी आपटू नका, प्लॅस्टिकच्या पोत्यात भरू नका, ओल 12 टक्क्यांच्या आत पाहिजे. उगवण सत्तर टक्के असली तर एकरी 30 किलो बियाणं पुरतं, त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं.