चेरी काउंटीत राहायला येताय? आधी अंतरं समजून घ्या

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या चेरी काउंटीत काम मिळालं की आपली मंडळी फोन करून घरभाडं विचारतात, शाळा विचारतात, पनीर मिळतं का विचारतात. अंतर कुणी विचारत नाही. इथलं सगळं जगणं अंतरावर बेतलेलं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

काउंटीचं क्षेत्रफळ साधारण साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढं. 2011 च्या जनगणनेत पुणे जिल्ह्यात 94 लाख माणसं होती. इथे 2020 च्या जनगणनेत भरली 5,455. त्यातली जवळपास निम्मी व्हॅलेंटाइन या मुख्य गावात. बाकीची कोडी, किलगोर, मेरिमन, वुड लेक अशा चिमुकल्या गावांत आणि दूरदूरच्या रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठाल्या कुरणांवर. चौरस मैलामागे एक माणूससुद्धा पडत नाही.

याचं कारण जमिनीत आहे. हा सगळा सँडहिल्सचा मुलूख: वाळूच्या टेकड्या आणि त्यांना धरून ठेवणारं गवत. पाऊस पडला की वाहून न जाता मुरतो. खाली ओगलालाचा प्रचंड भूजलसाठा आहे आणि टेकड्यांमधल्या सखल जागी त्याच पाण्याची तळी दिसतात. 1904 च्या किंकेड कायद्याने इथे वसाहतीला येणाऱ्याला 640 एकर जमीन मिळू लागली. लोक आले, नांगर घातला, गवत गेलं आणि वाळू उडायला लागली. बरेचसे जमीन विकून निघून गेले. ब्राउनलीजवळ त्याच सुमारास कृष्णवर्णीय कुटुंबांनी वसवलेलं डिविटी हे गावही पुढे उठलं. टिकले ते गुरं पाळणारे. मांसासाठी पाळलेल्या गाईंच्या संख्येत ही काउंटी आज साऱ्या अमेरिकेत अगदी वरच्या क्रमांकावर असते. म्हणून हौसेने गवतात गाडी घालू नका. चाकोरी पडली की वारा तिथूनच वाळू उकरतो आणि खळगा वाढत जातो. त्याला इथे ब्लोआउट म्हणतात, आणि तो भरून यायला वर्षं लागतात.

आता माझा सगळ्यात कळकळीचा मुद्दा. फोनमधल्या नकाशाच्या सांगण्यावरून हायवे सोडू नका. नकाशाला जो रस्ता दिसतो तो पुष्कळदा कुणाच्या तरी रँचमधली वाळूची वाट असते. माझ्या ओळखीचं एक तरुण जोडपं पहिल्याच हिवाळ्यात 97 नंबरच्या हायवेवरून 83 वर यायला असंच आडवाटेने निघालं. वीसेक मैल वाचत होते म्हणून. सूर्य मावळायच्या सुमारास गाडी बर्फात रुतली. फोनला रेंज नाही, आसपास एक दिवा नाही. मुलगा मदत शोधायला साध्या बुटांत चालत निघाला, वाट चुकला आणि चाचपडत कसाबसा गाडीपाशी परतला. पहाटे गुरांना गवत टाकायला निघालेल्या एका रँचरने दोघांना उचललं. जीव वाचले, पण मुलाच्या पायाची दोन बोटं कापावी लागली. त्यानंतरही दर हिवाळ्यात कुणीतरी नवीन माणूस त्याच वाटेला लागतो, म्हणून पुन्हा सांगतो: हायवे सोडू नका. गाडी अडकलीच तर गाडीतच थांबा. हीटर लावण्याआधी सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढा, नाहीतर विषारी वायू आत येतो. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. व्हॅलेंटाइनहून दक्षिणेला थेडफर्डपर्यंत 65 मैल आहेत आणि वाटेत पंपाचा भरवसा धरू नये. डिकीत ब्लँकेट, फावडं, टॉर्च, पाणी, दाणे-गूळ ऑक्टोबरपासूनच असू द्या.

घड्याळाचंही बघा. काउंटीतून टाइम झोनची रेघ जाते. व्हॅलेंटाइनमध्ये बारा वाजतात तेव्हा पश्चिमेकडच्या मेरिमनमध्ये अकरा. भेटीची वेळ ठरवताना कुणाची वेळ ते स्पष्ट विचारा.

विमानासाठी नॉर्थ प्लॅट, दोन तासांवर. हिंदू मंदिर आणि भारतीय वाणसामान ओमाहात, तीनशे मैल. एकदा गेलात की डाळी, पीठ, मसाले तीन महिन्यांचे आणा आणि मोठा फ्रीझर आल्या आल्या घ्या.

माणसांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. समोरून येणारा प्रत्येक चालक स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. तुम्हीही उचला. नंबरप्लेटच्या सुरुवातीचा 66 म्हणजे चेरी काउंटी, तेव्हा तुमची प्लेट लवकर बदलून घ्या. फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेवा, बंद असेल तर पलीकडे गेल्यावर बंद करा. आणि रँचरला ‘तुमची गुरं किती, जमीन किती’ असं कधीही विचारू नका. कुणाचा पगार विचारण्याइतकंच ते आगाऊपणाचं ठरतं. आपली माणसं पहिल्याच भेटीत हे विचारतात.

उत्तरेला राज्याची हद्द ओलांडली की साउथ डकोटात लाकोटा या मूळनिवासी लोकांचं रोझबड रिझर्व्हेशन, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेला प्रदेश, लागतं. तिथली कुटुंबं व्हॅलेंटाइनच्या दुकानांत, दवाखान्यांत रोज भेटतील. त्यांच्याविषयी इकडचं तिकडचं ऐकून मत बनवू नका.

आपल्यातले बरेच डॉक्टर व्हिसाच्या अटीपायी तीन वर्षांसाठी अशा भागांत येतात आणि दिवस मोजत बसतात. सुट्टी मिळाली की ओमाहा, शेजाऱ्याचं नावही माहीत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. पाच हजारांच्या काउंटीत डॉक्टर आला-गेला हे प्रत्येक घराला कळतं, आणि त्याने आपल्याला माणसात धरलं की नाही हेही. वसंतात ब्रँडिंगचं, म्हणजे वासरांना डाग द्यायचं, बोलावणं आलं तर जा. शेजारपाजारचे सगळे मदतीला जमतात आणि मग एकत्र जेवण असतं. जेवणात बीफ असणारच. तुम्ही खात नसाल तर आदल्या दिवशी साधेपणाने सांगा, आणि तुमच्याकडून मसालेभाताचं एक मोठं पातेलं घेऊन जा. तिखट बेताचं ठेवा.