मेंदूतली बुरशी आणि परजीवी: औषधाआधी काय करायचे

जिवाणूंच्या मेनिन्जायटिसमध्ये (मेंदूच्या आवरणांच्या संसर्गात) पहिले इंजेक्शन जितक्या लवकर जाईल तितके चांगले. बुरशी आणि परजीवींच्या बाबतीत मात्र औषध बरोबर निवडूनही ते चुकीच्या क्रमाने दिले, तर रुग्ण दगावतो किंवा त्याची दृष्टी जाते. म्हणून इथे भर औषधाआधीच्या पायऱ्यांवर आहे. हा मजकूर वॉर्डात काम करणाऱ्यांसाठी आहे, घरी उपचार करण्यासाठी नाही.

सर्वांत जास्त काम पडते ते क्रिप्टोकॉकस या बुरशीशी. एचआयव्हीमुळे सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या) पेशी १०० च्या खाली गेलेला रुग्ण एक-दोन आठवडे वाढत जाणारी डोकेदुखी घेऊन आला, की हा आजार आधी डोक्यात यायला हवा. ताप नसेल, मानही ताठ नसेल. मान ताठ व्हायला आवरणांना सूज यावी लागते, आणि ती आणण्याइतकी प्रतिकारशक्तीच उरलेली नसते. याच कारणाने पाठीच्या पाण्यात (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतालच्या द्रवात) पेशी, प्रथिने, साखर सगळे जवळपास नॉर्मल दिसू शकते. तेवढ्यावरून रुग्णाला घरी पाठवू नका. बुरशीचा अंश ओळखणारी अँटिजेनची पट्टी-चाचणी रक्तावर आणि पाण्यावर करा. तिचा निकाल दहा मिनिटांत मिळतो. इंडिया इंकवर (काळ्या शाईत थेंब मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यावर) एकट्यावर विसंबू नका, बुरशी कमी असेल तेव्हा ती हुकते. शिवाय शाई दाट झाली तर काहीच दिसत नाही, आणि नवखा माणूस लिम्फोसाइट किंवा हवेचा बुडबुडा यीस्ट म्हणून मोजतो. पाणी सेंट्रिफ्यूज करून गाळाचा एक थेंब घ्या. स्वच्छ कडेचे वलय आणि त्यातली कळी फुटलेली पेशी दिसली तरच पॉझिटिव्ह म्हणा.

एलपी (पाठीत सुई घालून पाणी काढणे) करताना दाब मोजायचाच. शरीराची एक बाजू लुळी पडलेली, वारंवार झटके किंवा खालावलेली शुद्ध असेल तर आधी सीटी स्कॅन. रुग्णाला कुशीवर झोपवा. सुई आत गेल्यावर पाय हलकेच सरळ करायला सांगा, कारण पोटाशी आवळलेल्या गुडघ्यांमुळे दाब खोटा वाढतो. मॅनोमीटर (दाब मोजण्याची नळी) नसेल तर सलाइन सेटची निर्जंतुक नळी सुईला जोडून उभी धरा आणि सुईच्या पातळीपासून पाण्याची उंची टेपने मोजा. बसवून मोजलेला आकडा धरू नका.

दाब २५ सेंटीमीटरच्या वर असेल तर तो २० च्या खाली येईपर्यंत पाणी काढा. सुरुवातीचा दाब फारच जास्त असेल तर तो निम्म्यावर आणा. दर १० मिलिलिटरनंतर पुन्हा मोजा, एका वेळी साधारण २५ मिलिलिटरपर्यंत. बुरशीचे कवच पाणी शोषून घेणाऱ्या वाटा बुजवते, त्यामुळे दाब पुन्हा चढतो. डोकेदुखी किंवा दाब टिकून असेल तर रोज एलपी करा, दोन दिवस सलग नॉर्मल येईपर्यंत. इथे आळस केला की आंधळेपण येते, आणि औषध चालू असतानाच मृत्यूही ओढवतो. मॅनिटॉल आणि असिटाझोलामाइड ही दाब उतरवणारी औषधे हा पर्याय नाही. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडही नेहमीच्या उपचारात देऊ नका. एचआयव्हीच्या रुग्णांवरच्या चाचणीत त्याने अपायच झाला.

औषधाचा पहिल्या पसंतीचा क्रम जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये बदलला: लिपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म कणांत बंद केलेले) अँफोटेरिसिन १० मिलिग्रॅम प्रति किलो, एकच डोस, सोबत १४ दिवस फ्लुसायटोसिन १०० मिलिग्रॅम प्रति किलो रोज, चार भागांत, आणि फ्लुकोनाझोल रोज १२०० मिलिग्रॅम. त्यानंतर फ्लुकोनाझोल आठ आठवडे ८०० मिलिग्रॅम, मग २०० मिलिग्रॅमवर दीर्घकाळ. इथे एक जीवघेणी गफलत होते. साध्या अँफोटेरिसिनचा डोस १ मिलिग्रॅम प्रति किलो आहे, म्हणजे दहावा भाग. साधी बाटली लिपोसोमलच्या मात्रेने दिली तर हृदय बंद पडू शकते. बाटली हातात घेऊन नाव दोघांनी वाचावे.

दोन्ही प्रकार ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळा, सलाइनमध्ये नाही. सलाइनमध्ये औषध साकळते. त्याआधी नॉर्मल सलाइनचा एक लिटर, त्यात २० मिलिमोल पोटॅशियम क्लोराइड घालून, दोन तासांत द्या. किडनी सांभाळण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. क्रिएटिनिन व पोटॅशियम आठवड्यातून दोनदा, आणि फ्लुसायटोसिन चालू असताना रक्तपेशी तपासा. किडनी मंदावली की फ्लुसायटोसिन साचते आणि अस्थिमज्जा दबते. एचआयव्हीची औषधे चार ते सहा आठवड्यांनी सुरू करा, आधी नाही.

परजीवींमध्ये मेंदूतले सिस्टिसर्कस (डुकराच्या पट्टकृमीच्या अळीची गाठ) हे झटक्यांचे मोठे कारण. डुकराचे मांस कधीही न खाल्लेल्यालाही ते होते: पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी अन्नपाण्यातून किंवा हातावाटे पोटात जातात. म्हणून घरातल्या इतरांचीही चौकशी करा. स्कॅनवर गाठीत अळीचे ठिपक्यासारखे डोके दिसले तर निदान पक्के. २० मिलिमीटरहून मोठी, वेडीवाकडी, मध्यरेषा सरकवणारी गाठ असेल तर क्षयाकडे वळा.

अल्बेन्डाझोल हे कृमिनाशक लिहिण्याआधी डोळ्याचा पडदा तपासलाच पाहिजे. डोळ्यात गाठ असेल तर ती मरताना उठणारी सूज दृष्टी घेऊन जाते. मेंदूत असंख्य गाठी आणि सूज असेल तर फक्त स्टेरॉइड. हायड्रोसेफॅलस (मेंदूत पाणी तुंबणे) असेल तर आधी शस्त्रक्रिया. गाठ चुनखडीसारखी झाली असेल तर फक्त झटक्यांचे औषध. उरलेल्यांत स्टेरॉइड आधी सुरू करून अल्बेन्डाझोल १५ मिलिग्रॅम प्रति किलो रोज, दोन भागांत, दिवसाला १२०० मिलिग्रॅमपर्यंत, १० ते १४ दिवस, स्निग्ध जेवणासोबत. रिकाम्या पोटी ते फारसे शोषले जात नाही. जिवंत गाठी दोनांहून जास्त असतील तर प्राझिक्वांटेल ५० मिलिग्रॅम प्रति किलो रोज जोडा. फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिन ही झटक्यांची औषधे चालू असतील तर प्राझिक्वांटेलची रक्तातली पातळी घटते, हे ध्यानात ठेवा. स्टेरॉइड लांबणार असेल तर आधी क्षय आणि स्ट्राँगिलॉइडिस (आतड्यातला एक कृमी) तपासा.

एचआयव्हीत स्कॅनवर कडेने उजळणाऱ्या अनेक गाठी, विशेषतः बेसल गँग्लियात (मेंदूच्या खोल भागात), दिसल्या तर टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी धरून कोट्रायमॉक्साझोल सुरू करा: ट्रायमेथोप्रिम भागाचा हिशेब ५ मिलिग्रॅम प्रति किलो, दिवसातून दोनदा, सहा आठवडे. दोन आठवड्यांत फरक नाही तर लिम्फोमाचा (एका कर्करोगाचा) विचार करून बायोप्सी. स्टेरॉइड अगदी दाब वाढला असेल तरच, कारण लिम्फोमाही त्याने तात्पुरता आकसतो आणि निदान फसते.

गोड्या पाण्यात पोहून आठवडाभरात तीव्र मेनिन्जायटिस झाला, ग्रॅम डागात जिवाणू दिसत नाहीत, तर नेग्लेरिया हा अमीबा शोधा. नमुना फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीत अमीबा हालचाल थांबवतो आणि पांढऱ्या पेशींत मिसळून जातो. कोमट असतानाच ताजा थेंब पाहा.

अनियंत्रित मधुमेहात गाल सुन्न, नाकात काळी खपली, डोळा सुजलेला दिसला तर म्यूकर ही बुरशी. खपलीखालचा तुकडा केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) त्याच दिवशी पाहा. कल्चरला पाठवताना तो कुटू नका, बारीक तुकडेच करा. या बुरशीचे रुंद, पडदे नसलेले तंतू कुटल्यावर मरतात आणि कल्चर निगेटिव्ह येते. व्होरिकोनाझोल हे बुरशीचे औषध इथे चालत नाही. साखर आटोक्यात आणणे, लिपोसोमल अँफोटेरिसिन आणि कुजलेला भाग काढणारी शस्त्रक्रिया ही तिन्ही एकाच दिवशी सुरू व्हावीत.