केनियाच्या सफारीआधी लशी आणि मलेरियाच्या गोळ्यांचा खर्च असा मांडा

मसाई माराची सहल ठरली की विमान, लॉज आणि जीपचे पैसे लगेच मांडले जातात. लशी आणि गोळ्या आठवतात निघायच्या आठवड्यात, आणि तोवर स्वस्त पर्याय हातचे गेलेले असतात. हा हिशेब निघण्याच्या ६ ते ८ आठवडे आधी करायला घ्या. यलो फीवरचा (पीतज्वर, डासांमुळे होणारा आजार) प्रश्न तर तिकीट काढण्याआधीच सोडवा.

थेट भारतातून येणाऱ्याकडे केनिया सहसा यलो फीवरचं कार्ड (लस घेतल्याचा दाखला) मागत नाही. मागतो तो भारत, परत येताना. केनियाहून आलेल्या प्रवाशाकडे वैध कार्ड नसेल तर त्याला ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. लस घेतल्यापासून १० दिवसांनी कार्ड वैध होतं: १ जूनला टोचलं तर ११ जूनपासून. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. जुन्या कार्डावर १० वर्षांची मुदत छापलेली असली तरी २०१६ पासून ती अट राहिलेली नाही, त्यामुळे घरात कुणी पूर्वी आफ्रिकेला जाऊन आलं असेल तर आधी त्यांचं कार्ड शोधा.

ही लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना, गोव्यात मुरगाव बंदराची आरोग्य संघटना ही अशी केंद्रं. पूर्ण यादी आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. सरकारी केंद्रातलं शुल्क सगळ्या यादीत किरकोळ रक्कम आहे. खरा खर्च वेळेचा आणि जाण्यायेण्याचा. लशीच्या एका कुपीत अनेक जणांचे डोस असतात आणि ती एकदा कालवली की ६ तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक दिवशी ठरावीक माणसांनाच बोलावतात. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी नोंदणी पक्की झाल्याशिवाय गाडीचं तिकीट काढू नये. मूळ पासपोर्ट सोबत न्या. कार्डावरचं नाव, पासपोर्ट क्रमांक, लशीचा बॅच क्रमांक, सही आणि शिक्का तिथेच उभं राहून तपासा. एखादा एजंट न टोचता कार्ड देतो म्हणाला तर त्याच्यापासून लांबच राहा: तो गुन्हा आहे, आणि आजार झाला तर कागद वाचवत नाही.

लस सगळ्यांना चालत नाही. ९ महिन्यांखालचं बाळ, अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस या छातीतल्या ग्रंथीचा आजार, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, गरोदरपण किंवा अंगावर पाजणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. साठीच्या पुढे पहिल्यांदाच लस घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. आजी-आजोबांना नेणार असाल तर हे आधी बघा. वैद्यकीय सवलतीचं (लस न घेण्याची सूट देणारं) पत्र मिळू शकतं, पण ते प्रत्येक ठिकाणी मान्य होईलच असं नाही. आरोग्य संघटनेकडे विचारून मगच परत न मिळणारे पैसे भरा. मुलाची गोवर-गालगुंड-रुबेलाची लस राहिली असेल तर यलो फीवरसोबत त्याच दिवशी घ्या, नाहीतर ४ आठवड्यांचं अंतर ठेवा.

बाकीच्या लशींत पैसे वाचवायला जागा आहे, आणि ती घरातली लसीकरणाची फाइल उघडल्यावर दिसते. लहान मुलांना टायफॉइड आणि हिपॅटायटिस-ए बहुधा बालरोगतज्ज्ञांनी आधीच दिलेल्या असतात. भारतात वाढलेल्या बऱ्याच मोठ्या माणसांना हिपॅटायटिस-ए लहानपणीच नकळत होऊन गेलेला असतो. रक्तातल्या आयजीजी अँटीबॉडीची (आजार होऊन गेल्याची खूण) तपासणी आधी केली तर लस लागेल की नाही ते कळतं. धनुर्वाताची लस स्वस्त आहे. १० वर्षं उलटली असतील तर घेऊन टाका. रेबीजची आगाऊ लस (०व्या आणि ७व्या दिवशी) जीपमधूनच फिरणाऱ्या आठवड्याच्या पाहुण्याने टाळली तर चालेल, पण काही महिने राहणाऱ्याने किंवा प्राण्यांत काम करणाऱ्याने ती घ्यावी. मेंदूज्वराची चौघटकी (मेनिंगोकोकस जंतूच्या चार प्रकारांवरची) लस महाग असते, आणि साध्या सफारीला सहसा लागत नाही.

आता गोळ्या. केनियात फॅल्सिपेरम (सगळ्यात गंभीर प्रकारचा) मलेरिया आहे आणि तिथे क्लोरोक्विन ही मलेरियाची जुनी गोळी चालत नाही. घरातली क्लोरोक्विनची पट्टी सोबत घेऊन ‘झालं आपलं’ म्हणणं ही सगळ्यात धोक्याची बचत. नैरोबी शहरात धोका कमी. मारा आणि मोंबासाच्या किनाऱ्यावर गोळ्या हव्यातच.

समजा धोक्याच्या भागात ८ दिवस आहात. खालच्या तीनपैकी एकच औषध घ्यायचं असतं. एका मोठ्या माणसाला प्रत्येकाच्या किती गोळ्या लागतील ते असं:

ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज १: आधी २ दिवस, तिथले ८, नंतर ७. एकूण १७.
डॉक्सिसायक्लिन १०० मि.ग्रॅ. रोज १: आधी २, तिथले ८, नंतर २८. एकूण ३८.
मेफ्लोक्विन २५० मि.ग्रॅ. आठवड्याला १: निघण्याच्या २ आठवडे आधीपासून २, तिथे २, परतल्यावर आणखी ४ आठवडे ४. एकूण ८.

दुकानात एका गोळीची किंमत विचारून या आकड्यांनी गुणा. डॉक्सिसायक्लिन बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त पडते, पण घरी आल्यावर ४ आठवडे घ्यावी लागते आणि लोक नेमकी तिथेच सोडून देतात. ती भरल्या पोटी, पेलाभर पाण्यासोबत घ्यावी आणि अर्धा तास आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. उन्हाने त्वचाही लवकर भाजते. ८ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला ती सहसा देत नाहीत. ॲटोव्हाक्वोन महाग आणि प्रत्येक दुकानात नसते, म्हणून ३-४ आठवडे आधी मागवा. दूध किंवा स्निग्ध जेवणासोबतच अंगी लागते. मेफ्लोक्विन फिट्स, नैराश्य किंवा मानसिक आजाराचा इतिहास असणाऱ्याने घेऊ नये. मुलांचा डोस वजनावर ठरतो: २१ ते ३० किलोच्या मुलाला ॲटोव्हाक्वोनच्या लहान मुलांच्या २ गोळ्या रोज, म्हणजे इथे ३४. प्रत्येकाच्या हिशेबात २-३ गोळ्या जास्त धरा. विमान रद्द झालं तर त्या लागतात. निवड डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच करा.

गोळी घेऊनही डास चावू द्यायचा नाही. २० ते ३० टक्के डीट (डास दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम, लांब बाह्यांचे कपडे आणि मच्छरदाणी आहे का हे लॉजला विचारणं, एवढं संध्याकाळपासून पहाटेपर्यंत सांभाळा. सनस्क्रीन आधी, मलम नंतर.

शेवटी थोडे पैसे परतीनंतरच्या रक्ततपासणीसाठी बाजूला ठेवा. ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करा आणि डॉक्टरांना ‘केनियाहून आलोय’ हे पहिलं सांगा, मग येऊन दोन महिने झाले असले तरी. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला तर ती पुन्हा करायची असते, म्हणून दोन-तीन तपासण्यांचे पैसे धरा.