आज गाडी भरू की नको? मालकाला उपयोगी पडेल असा डॅशबोर्ड करताना

सांगलीत फरसाण आणि दिवाळी फराळ करणाऱ्या एका ताईंना मी पहिला डॅशबोर्ड, म्हणजे धंद्याचे आकडे एका नजरेत दाखवणारं पान, करून दिला, तेव्हा त्यावर चौदा आलेख होते. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत नीट पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, छान झालंय. पण कोल्हापूरची गाडी आज भरू की नको, ते कुठं दिसतं?"

ते कुठंच दिसत नव्हतं. मी त्यांना आधी विचारलं होतं, "काय काय बघायचंय?" आणि त्या म्हणाल्या होत्या, "सगळंच." हा प्रश्न मालकाला विचारूच नका. त्याऐवजी एक पूर्ण सकाळ त्यांच्या शेजारी बसा.

मी सात ते दहा बसले. ताईंची लांब वही असते. डाव्या पानावर गेलेला माल, उजव्या पानावर आलेले पैसे. ज्याला फोन करायचा त्याच्या नावाभोवती लाल गोल. तीन तासांत त्यांनी चार गोष्टी ठरवल्या: कुठली गाडी भरायची, वसुलीसाठी कोणाला फोन करायचा, तेलाचे किती डबे मागवायचे आणि आज कशाचा घाणा आधी काढायचा. डॅशबोर्ड एवढाच करायचा. प्रत्येक भागाला शीर्षकही मालकाच्या तोंडचंच द्या. "पैसे कोणाकडे अडकलेत?" असं लिहिलं की समजावून सांगावं लागत नाही.

उधारीला आलेख काढू नका, साधा तक्ता करा. दुकानाचं नाव, रक्कम, किती दिवस झाले आणि चौथा रकाना "काय म्हणाले". हा चौथा रकाना ताई स्वतः भरतात: "सोमवारी देतो", "माल परत न्या". सगळ्यात जुनी उधारी वर, आणि पहिली सहाच नावं. दिवसांची रेघ मी ४५ वर ओढली आहे, आणि त्याला कारण आहे. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, असं २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात आहे. मुदत चुकवली तर खरेदीदाराला तो खर्च आयकरात प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. मार्च जवळ आला की वसुलीच्या फोनवर हे वाक्य फार कामाला येतं, म्हणून ते तक्त्याखालीच लिहून ठेवलंय.

विक्रीच्या आकड्याबाबत मात्र जपून. फरसाणात गेलेला माल म्हणजे विक्री नव्हे. एप्रिलमध्ये पाठवलेला चिवडा मुदत संपून जूनमध्ये परत येतो आणि हिशेबात जूनमध्येच वजा होतो. एप्रिल उगाच झकास दिसतो, बिचारा जून पडेल. मी परत आलेला माल तो ज्या महिन्यात गेला होता त्या महिन्यातून वजा करते आणि वितरकानुसार दोनच आकडे शेजारी ठेवते: गेला, परत आला. कोल्हापूरची गाडी भरायची की नाही, याचं उत्तर तिथंच मिळालं. शंभर पेट्यांमागे अठरा परत येत होत्या.

तुलना करतानाही सण बघा. लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होतं आणि २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे १२ नोव्हेंबरला. ऑक्टोबरशी ऑक्टोबर ताडून पाहिला तर २०२३ मध्ये धंदा बसला असंच वाटेल. फराळाची तुलना तारखेवर न करता लक्ष्मीपूजनाला किती दिवस उरलेत त्यावर करा.

दिसण्याबद्दल थोडंच सांगते. १९८४ मध्ये क्लीव्हलंड आणि मॅकगिल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की एकाच रेघेपासून निघालेल्या पट्ट्यांची टोकं कुठं पोचलीत, यातला फरक माणसाला कोनातल्या फरकापेक्षा जास्त अचूक ओळखता येतो. म्हणून गोल पाय चार्टऐवजी आडव्या पट्ट्या घ्या, शून्यापासून सुरू होणाऱ्या. आडव्या पट्टीशेजारी "भाजणीची चकली" हे नावही सरळ वाचता येतं. तयार टूल कधीकधी मिलियनमध्ये बोलतात, ते बदलून लाखात आणा. लाल रंग फक्त जिथं आज काहीतरी करायचंय तिथंच, आणि शेजारी "फोन करा" असे शब्दही हवेत, कारण काहींना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही.

पण रंग निवडण्याआधी एक गोष्ट बघा: नोंदी कधी होतात? ताईंकडे हिशेबनीस शनिवारी येऊन आठवड्याच्या पावत्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचे. म्हणजे शुक्रवारचा डॅशबोर्ड सहा दिवस शिळा. आम्ही आधी ते मोडलं. आता गाडी सुटताना पॅकिंगवरची मुलगी गुगल शीटमध्ये एक ओळ भरते, आणि पानाच्या सगळ्यात वर लिहिलेलं असतं: "हे आकडे काल रात्री ८ पर्यंतचे." ही ओळ कधीही काढू नका. महागडं टूल पहिल्या वर्षी लागत नाही, शीट पुरते.

तयार झालं की मालकाच्याच फोनवर, त्यांच्या कामाच्या जागी दाखवा. दहा सेकंदांनी फोन पालथा ठेवा आणि विचारा, "आज पहिला फोन कोणाला?" नाव आलं नाही तर पान अजून भरगच्च आहे, काहीतरी काढा. ताईंकडे भट्टीच्या उजेडात माझी करडी अक्षरं दिसतच नव्हती. काळी आणि मोठी केली.

पहिला महिना वही आणि डॅशबोर्ड दोन्ही चालू ठेवा. दर शनिवारी दोन्हींच्या बेरजा जुळवा. पहिल्या शनिवारी आमच्यात १८,४०० रुपयांचा फरक आला. दीड तास शोधल्यावर सापडलं, एका दुकानदाराने रोख दिलेले पैसे वहीत होते, शीटमध्ये नव्हते. त्याच दिवशी शीटमध्ये "रोख" असा रकाना वाढवला. चौथ्या शनिवारी बेरजा जुळल्या. त्यानंतरच्या सोमवारी ताईंनी वही न उघडता मिरजेला फोन लावला.