हवा सारखी काढूनबी क्लचचं पेडल खालीच बसायलंय? या चुका टाळा

मागच्या सोयाबीनच्या सीझनला पिकअप भरून लातूरच्या मोंढ्याला निघालो होतो. मांजरसुंब्याच्या घाटात गिअर बदलायला क्लच दाबला तर पेडल गेलं खाली अन् वर यायचं नाव घेईना, पंजा खाली घालून वर ओढलं, तीन-चार पंप मारले तवा कुठं गिअर पडला. क्लच ऑइलच्या दाबावर चालतो, त्यात हवा शिरली की पेडल मऊ पडतं. म्हणून पुढं दोन महिन्यात चार वेळा ती हवा काढली, एका मिस्त्रीनं तर क्लच प्लेटच बदलली. पैसे गेले अन् पेडल होतं तिथंच.

चूक हीच की हवा काढली म्हणजे काम झालं समजायचं. ती आत आली कुठून ते कुणीच बघत नाही. प्लेट गेली असती तर गाडीनं नुसती रेस घेतली असती, वेग धरला नसता. इथं तर पंप मारला की पेडल कडक, जरा वेळानं परत मऊ, रिव्हर्स टाकताना कर्रकर्र. ही हवाच. अन् कुठंच थेंब नाही पण सिग्नलला दाबून धरलेल्या क्लचवर गाडी हळूच पुढं सरकायली, तर मास्टर सिलेंडरमधलं (पेडल दाबलं की ऑइल पुढं ढकलणारा पेडलजवळचा पंप) सील आतल्या आत ऑइल सोडायलंय.

माझ्यात काय निघालं? पेडलखालची मॅट उचलली तर कार्पेट चिकट ओलं, मी आपला समजत होतो चिखलाचे पाय असतील. मास्टरच्या दांड्यावरून ऑइल खाली उतरायलं होतं. तिथं कोरडं असलं तर खालच्या स्लेव्ह सिलेंडरचा (त्या ऑइलच्या जोरानं क्लच सोडवणारा गिअरबॉक्सजवळचा) रबरी बूट मागं सारून बघा, मग पाइपचे जोड. काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आतच असतो, तिथं बेल हाउसिंगखाली (इंजिन अन् गिअरबॉक्समधलं क्लचचं कव्हर) ओल दिसते अन् मग गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय इलाज नाही.

बऱ्याच गाड्यांत ब्रेक अन् क्लचचा ऑइलचा डबा एकच असतो अन् क्लचचा पाइप डब्याला जरा वरच्या अंगाला जोडलेला असतो, म्हणून ऑइल कमी झालं की ब्रेक ठीक लागतो पण क्लच आधी हवा ओढतो. ब्रेक चांगलाय म्हणून डबा बघायचाच नाही असं करू नका.

हवा काढताना पेडलवर बसवलेलं पोरगं घाई करतं, निप्पल (स्लेव्हवरचा हवा सोडायचा स्क्रू) बंद व्हायच्या आधीच पाय उचलतं, अन् जेवढी काढली तेवढी परत आत. आधी निप्पल बंद, मगच पाय वर. धडाधड पंप मारले तर ऑइलला फेस येतो. मधीच डबा रिकामा झाला तर पहिल्यापासून सुरुवात. निघालेलं ऑइल गाळून परत टाकायचं नाही, त्यात बारीक बुडबुडे असतात अन् ते पाणीबी धरतं.

सिलेंडरमध्ये नव्या सीलचं किट भरताना सील पेट्रोल-डिझेलनं धुऊ नका, रबर फुगतं. ब्रेक ऑइलनंच पुसा. डब्याच्या झाकणावर ब्रेक ऑइल कुठल्या ग्रेडचं, डॉट ३ का डॉट ४, ते लिहिलेलं असतं, तेच टाका, इंजिन ऑइल चुकूनबी नाही.

अन् बॉनेटवर ब्रेक ऑइलचा थेंब सांडला तर लगेच पाण्यानं धुवा, माझ्या गाडीचा तिथला रंग पोपडे धरून निघालाय.