नियम आणि दया समोरासमोर येतात तेव्हा

आधी कागद घ्या आणि धर्म म्हणून आपण जे जे पाळतो ते लिहून काढा. विश्वास नव्हे, फक्त नियम: पहाटेची अर्ध्या तासाची प्रार्थना, ठरलेले उपास, रविवारी काम न करणं, उपासनेला कोणते कपडे घालायचे, कोणाकडे जेवायचं नाही. दहा-पंधरा सहज निघतील. प्रत्येकापुढे नोंद करा: शास्त्रातला, मंडळीच्या परंपरेतला, की आपणच लावून घेतलेला. वचन बायबल उघडून शोधा. आठवणीवर विसंबलात तर परंपरेतले बरेच नियम शास्त्राच्या खात्यात जमा होतात.

मग प्रत्येक नियमाला एकच प्रश्न: गेल्या महिन्यात हा पाळला म्हणून कोणाचं काही अडलं का? अडलं असेल तर त्या माणसाचं नाव लिहा. मार्क 7 मध्ये 'कुर्बान'चा दाखला आहे. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं म्हणायचं आणि हात झटकायचे. नियम चोख, आईबाप वाऱ्यावर. ज्या नियमापुढे कोणाचंच नाव येत नाही, तो खुशाल पाळा; त्याच्याशी भांडण नाही.

नावं आलेल्या नियमांसाठी लूक 13:10-17 सावकाश वाचा. 18 वर्षं कमरेतून वाकलेली बाई शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी सभास्थानात (त्यांच्या प्रार्थनागृहात) बरी होते. सभास्थानाचा अधिकारी चिडतो, पण बोलतो कोणाशी? येशूशी नाही, बाईशीही नाही. लोकांना सांगतो, कामाचे सहा दिवस आहेत, तेव्हा या. येशूचं उत्तर गोठ्यातलं आहे: बैल किंवा गाढव तुम्ही शब्बाथी सोडून पाण्यावर नेता ना? मग हिला सोडवायचं नाही? मूळ ग्रीकमध्येही जनावराला आणि बाईला 'सोडण्या'साठी एकच क्रियापद आहे.

इथली मेख बहुतेकांच्या नजरेतून निसटते. जीव धोक्यात असेल तर शब्बाथ मोडावा, हे यहुदी परंपरेलाही मान्य आहे. (म्हणून 'परूशी', म्हणजे नियम काटेकोर पाळणारा यहुदी गट, हा शब्द शिवीसारखा वापरू नये.) ही बाई मात्र उद्यापर्यंत थांबू शकली असती. म्हणजे आपली परीक्षा अपघाताच्या वेळी होत नाही. 'उद्या ये' म्हणणं सोयीचं असतं, तेव्हा ती होते.

प्रत्यक्षात असं करा. प्रार्थनेच्या वेळेत आजारी माणसाचा फोन आला तर उचला, पुरतं ऐका, आणि राहिलेली प्रार्थना त्याच दिवशी करा. 'त्याच दिवशी' महत्त्वाचं आहे. नाहीतर दयेच्या नावाखाली नियम आळसानं सुटतो. मत्तय 23:23 मध्ये पुदिना, शेप आणि जिऱ्याचाही दशांश, म्हणजे दहावा भाग, देवाला देणाऱ्यांना येशू खडसावतो, कारण न्याय, दया आणि विश्वास त्यांनी सोडले होते. पण दशांश बंद करा असं तो म्हणत नाही. हे करायचं होतं, तेही सोडायचं नव्हतं, असं म्हणतो.

दया मोघम ठेवू नका. याकोब 2:15-16 मध्ये उघड्यावाघड्या, उपाशी माणसाला नुसतंच 'ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणणारा आहे. त्यापेक्षा तीन गोष्टी ठरवा: कोणासाठी, कोणत्या दिवशी, नेमकं काय. 'गरिबांना मदत करीन' हे बाद. 'गुरुवारी संध्याकाळी दोन तास अमुकच्या आजारी आईजवळ बसेन, म्हणजे त्याला बाहेर पडता येईल' हे चालेल.

गाडी घसरते ती बहुधा लोकलाजेपायी. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता. येरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची माणसं आली आणि पेत्र मागे सरला. गलती 2 मध्ये प्रेषित पौल कारण सांगतो: भीती. तेव्हा आपला एखादा नियम बघणारा कोण यावर कडक किंवा सैल होत असेल, तर कागदावर त्याच्यावर लाल खूण करा. तो आधी तपासायचा.

दुसरी घसरण उलट बाजूची. नियमातून सुटलेला माणूस नियम पाळणाऱ्याला हसू लागतो, म्हणजे पुन्हा सोवळंच, फक्त बाजू बदलली. रोम 14 चा मार्ग साधा आहे: एखादा पदार्थ वर्ज्य मानणारा तुमच्याकडे जेवायला येणार असेल, तर त्या दिवशी तो करूच नका आणि त्यावर चर्चाही काढू नका.